सोमवारपर्यंत घर धरायचं

तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांतली मी नव्हे. माझ्या अंगणातच आड आहे, बारा महिने पाण्याचा. गौलीगुड्यात, बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं घर. खाली दोन खोल्या, वर दोन, मध्ये अंगण. आणि घरात आठ महिन्यांचं खाणं. पत्र्याच्या कोठ्यांत कडुलिंबाचा पाला घालून ज्वारी, एरंडेल चोळलेली तूर, मीठ लावून थापलेले चिंचेचे गोळे, शेवया, कुरडया, सांडगे, शेजारच्या तेलुगू बाईंनी शिकवलेलं आवकाया लोणचं, चार किलो तिखट, एक जास्तीचा सिलिंडर, शेगडी आणि पोतंभर कोळसा.

माझी सून गौरी पुण्याची. ती आणि माझा मुलगा संदेश, दोघं हायटेक सिटीत कॉम्प्युटरवर काम करतात. लग्न होऊन आली तेव्हा कोठ्या बघून म्हणाली, "आई, दुकान काढायचंय का? फोनवर बोट ठेवलं की दहा मिनिटांत कोथिंबीर दारात येते."

मी म्हणलं, "येते ना? येऊ दे. ज्या दिवशी येणार नाही, त्या दिवशी बोट चोखत बस."

पोरगी हसली. वाईट नाही हो ती. फक्त भूक कशाला म्हणतात ते तिला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. मी लग्न होऊन आले त्याच वर्षी शहरात कर्फ्यू लागला होता. गल्लीत लोक मुठीमुठीनं तांदूळ मागत फिरायले, आणि आमचे सासरे आबासाहेब भिंतीवरून शेजाऱ्यांना पीठ देत होते. उदगीरकडचे शेतकरी ते. म्हणायचे, शहरात ऱ्हायचं तर ऱ्हा, पण घर खेड्यासारखं भरून ठेवा. ते मी शिकले. आणि माझ्यासोबत तेव्हा घरात आठ वर्षांचा एक दीर होता, युवराज. सासूबाई आधीच गेलेल्या. त्याचे केस मी विंचरले, त्याचं नाक मी पुसलं, शाळेचा डबा मी भरला. तोही ते सगळं शिकला, माझ्याच हाताखाली.

आता ऐका त्यानं काय केलं.

आबासाहेबांनी जाताना वाटण्या केल्या होत्या. युवराजला अत्तापूरचा प्लॉट, आम्हाला हे घर. त्यानं राजीखुशीनं सही केली. प्लॉट विकून खाऊन झाला. माझे मालक तीन वर्षांमागं गेले, आणि मागच्या पावसाळ्यात कोण्या बिल्डरानं सगळी गल्ली घ्यायला सुरुवात केली. तेव्हा ह्याला आठवलं की सही फसवून घेतली होती. केस टाकली. आमच्या वकिलानं सांगितलं, सोमवारी साडेदहाला सुनावणी आहे, कोर्ट 'जैसे थे' म्हणेल, म्हणजे त्या घडीला जो घरात बसलाय तो निकाल लागेपर्यंत बसून राहील. आणि निकाल लागायला वीस वर्षं.

म्हणजे सोमवारपर्यंत घर धरायचं. बस्स, एवढंच. आम्ही आत असलो तर घर आमचं, बाहेर पडलो तर गेलं. हे आमच्या वकिलाला जेवढं कळत होतं, तेवढंच युवराजलाही.

शुक्रवारी सकाळी वीज गेली. मीटरची वायरच कापून नेली होती. दुपारी नळ बंद, गल्लीतला पाइप फोडलेला. दारासमोर खुर्च्या टाकून सहा-सात दांडगे बसले होते, आणि मधल्या खुर्चीवर आमचा युवराज, काळा चष्मा लावून. गौरीनं फोनवरून दूध-ब्रेड मागवला. आणणाऱ्याची पिशवी त्यांनी लाथेनं उडवली, त्याच्या दोन कानाखाली वाजवल्या, आणि दूध नालीतून वाहत गेलं. गौरी खिडकीतून बघत होती. पांढरीफटक पडली.

"आई, आता काय खायचं?"

खोटं कशाला बोलू, मला त्या वेळी आत कुठंतरी बरं वाटलं. म्हणलं, "ये. तुला आमचं दुकान दाखवते."

शेगडी पेटवली. आडाचं पाणी शेंदलं. हिमायतनगरच्या प्रदर्शनातून मी एक उन्हावर चालणारा दिवा आणला होता, त्यावर संदेशचे फोनसुद्धा चार्ज होत होते. भाकरी, पिठलं, लोणचं. संध्याकाळी मी छतावर उभी राहून खाली ओरडले, "युवराज! जेवलास का रे? पाठवू का डबा?"

गल्लीतली माणसं फिदीफिदी हसली. त्यानं चष्मा काढून वर बघितलं. ते मी करायला नको होतं. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! आपल्याकडं काय आहे ते मीच त्याला दाखवलं.

पोलिसांना फोन केला नाही असं नका समजू. तीनदा केला. गाडी आली की गल्ली रिकामी, गाडी गेली की भरली. "अम्मा, घर का झगडा है, सोमवार को कोर्ट में देख लेना," असं सांगून गेले.

शनिवारी त्यांनी छतावरच्या टाकीवर दगड मारले. टाकी फुटली, अंगणात धबाधबा पाणी आलं. संदेशला राहवलं नाही. माझा पोरगा शांत आहे, बापावर गेलाय, त्याला वाटतं की माणसं बोलून समजतात. मी नको नको म्हणताना तो दार उघडून बाहेर गेला. "काका, बसून बोलू," एवढंच त्याचं ऐकू आलं.

मग मारलं त्याला. मी दाराच्या फटीतून बघितलं. एकानं मागून हात धरले, दुसऱ्यानं पोटात गुडघा घातला, आणि तोंडावर बुक्क्या. एक, दोन, पाच. युवराज खुर्चीवरून उठलाही नाही. मी पाटा-वरवंट्यातला वरवंटा घेऊन बाहेर पळाले, समोर आला त्याच्या खांद्यात घातला, आणि पोराची कॉलर धरून त्याला उंबऱ्याच्या आत ओढला. गौरीनं अडसर लावला. त्याचे पुढचे दोन दात माझ्या पदरात पडले होते. नाक एका बाजूला झालेलं.

"आई, चल इथून," तो रक्त थुंकत म्हणाला. "आबिड्सला लॉज घेऊ. घर गेलं तर गेलं."

"जीव गेला तरी नाही."

"कुणाचा जीव?" गौरी ओरडली. तिनं माझ्याशी कधी आवाज चढवला नव्हता. "तुमचा की त्याचा?"

मी संदेशला भिंतीशी बसवलं. हळद भरली, बर्फ नव्हता म्हणून आडाच्या थंड पाण्याची पट्टी ठेवली. मला लाज वाटत होती आणि रागही येत होता, दोन्ही एकदम. ह्या घरात मी पस्तीस वर्षं राबले. त्या आडाचा गाळ मी कमरेइतक्या पाण्यात उतरून काढलाय. लॉज म्हणे! पण त्या दिवशी रात्रीच्या भाकऱ्या गौरीनंच थापल्या. वाकड्यातिकड्या, भारताच्या नकाशासारख्या. मी दोन खाल्ल्या आणि चांगल्या झाल्यात म्हणून सांगितलं.

आता माझी चूक सांगते. ती माझीच. संदेशची नाही, गौरीची नाही.

आमच्यात दिवेलागणीला दार लावून ठेवत नाहीत. तिन्हीसांजेला लक्ष्मी गल्लीतून जाते, दार बंद दिसलं तर पुढच्या घरी निघून जाते. हसा तुम्ही, गौरीही हसायची. पण पस्तीस वर्षं मी तुळशीपुढं दिवा ठेवला की कडी काढलीय. बाळंतपणात काढलीय, मालकांचं सुतक सोडलं तर आजारपणातही काढलीय. शुक्रवारी आणि शनिवारी पहिल्यांदा दार बंद ठेवून दिवा लावला, आणि दोन्ही रात्री मला नीट झोप आली नाही. एवढं भरलेलं घर, आणि लक्ष्मीला बाहेरच्या बाहेर परत लावली.

रविवारी दुपारपासून गल्ली रिकामी झाली. खुर्च्या गेल्या. संध्याकाळपर्यंत कोणी फिरकलं नाही. संदेश वर झोपला होता, गौरी त्याच्या उशाशी. मला वाटलं, थकले, गेले. मी आंघोळ केली, दिवा लावला, हात जोडले.

विसरून उघडलं असं मी म्हणू शकते. पण मी विसरले नव्हते. अडसर काढताना मला पक्कं माहीत होतं मी काय करायले. म्हणलं, पाचच मिनिटं.

दोन मिनिटंसुद्धा झाली नाहीत. दाराच्या आडोशाला, भिंतीला चिकटून ते उभेच होते. दाराची फळी माझ्या कपाळावर आदळली, मी तुळशीच्या कट्ट्यावर पडले. चौघं आत आले. एकाच्या हातात पहार, एकाच्या हातात लोखंडी पाइप, एकाकडं प्लॅस्टिकचा कॅन. शेवटी युवराज. त्यानं उंबऱ्याला हात लावून नमस्कार केला, मेल्यानं, आणि मग आत पाऊल टाकलं.

"मला माहीत होतं, वैनी," तो म्हणाला. "लहानपणी तूच पाठवायचीस ना मला कडी काढायला."

घरचा भेदी म्हणतात तो हा.

"आधी कोठ्या," त्यानं माणसांना सांगितलं. "हिचा जोर तिथं आहे. खायला राहिलं नाही की आपणहून निघेल."

पहारवाल्यानं पहिली कोठी पाडली. ज्वारी अंगणभर पसरली. दुसरी, तिसरी. लोणच्याच्या बरण्या त्यानं एकेक करून भिंतीवर फेकल्या. तेल उडालं, काचा उडाल्या, एक काच माझ्या गालात घुसली. माझे आठ महिने त्या हरामखोरांच्या बुटाखाली होते. मी ओरडत होते, शिव्या देत होते, अशा शिव्या की ज्या मला येतात हे मलाच माहीत नव्हतं. उठायला गेले की युवराज खांदा दाबून परत बसवायचा. मारत नव्हता. नुसता दाबून धरायचा.

मग तो कॅनवाला आडाकडं निघाला. झाकण उघडल्याबरोबर डिझेलचा वास आला.

"पाण्यात नको!" मी किंचाळले. "युवराज, पाण्यात नको रे! तुला त्याच पाण्यानं आंघोळ घातलीय मी!"

"ओत," युवराज म्हणाला.

वरून जिन्यानं कोण आलं? गौरी. माझी दहा मिनिटांवाली गौरी. पायात चप्पल नाही, हातात संदेशचा लॅपटॉप. तिनं तो दोन्ही हातांनी उचलून कॅनवाल्याच्या कानावर असा घातला की तो आडाच्या कठड्यावर जाऊन आपटला, आणि कॅन अंगणात उलटा पडला. डिझेल ज्वारीत गेलं, आडात थेंबही नाही. पाइपवाला वळला आणि त्यानं तिच्या दंडावर पाइप हाणला. हाड मोडलेलं मला इकडं ऐकू आलं. ती किंचाळली नाही, नुसती खाली बसली.

माझं डोकं फिरलं. युवराजच्या मनगटाला मी चावले, रक्त येईपर्यंत चावले, आणि त्याचा हात सुटला तशी स्वयंपाकघरात घुसले. तिखटाचा डबा काढला. गुंटूरची मिरची, तीही घरी कांडलेली. झाकण उघडून बाहेर आले आणि पहिली ओंजळ पाइपवाल्याच्या तोंडावर. दुसरी पहारवाल्याच्या. ते डोळे धरून नाचायला लागले, मी मारतच राहिले, ओंजळीमागून ओंजळ. हवाच लाल झाली. मीसुद्धा ठसकत होते, माझेही डोळे जळत होते, पण मला त्या आगीची सवय आहे. संदेश वरून उतरला तो तवा घेऊन. ज्यानं बोलून समजेल म्हणून दात घालवले, त्या माझ्या पोरानं पहारवाल्याच्या गुडघ्यावर, बोटांवर, पाठीवर तवा मारला. पहार खाली पडली. कॅनवाला कानातून रक्त गाळत आधीच पळाला होता. दुसरे दोघं भिंती चाचपत, एकमेकांना अडखळत, दारातून बाहेर गेले. भाड्याची माणसं. मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

युवराजला मी शेवटी धरलं. तो दाराकडं निघाला होता. म्हणलं, "युवराज," आणि त्यानं वळून बघितलं. लहानपणापासूनची सवय, मी हाक मारली की तो वळायचा. उरलेला सगळा डबा त्याच्या डोळ्यांत रिकामा केला.

तो पडला. गुरासारखा ओरडला. बायकोचं नाव नाही घेतलं, माणसांना हाक नाही मारली. "वैनी! वैनी गं! पाणी! डोळे गेले माझे!" ज्वारीत लोळत, काचांवर लोळत, तेच. वैनी, वैनी.

मी काय करणार होते? संदेशनं दार लावलं, अडसर घातला. मी आडातून बादली शेंदली. खाली बसले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं, पापण्या बोटांनी उघडून पाणी ओतत राहिले. सात बादल्या. गोवर झाला तेव्हाही हा असाच मांडीवर पडायचा, अंग तापलेलं, मुठीत माझा पदर. आताही पदर धरला होता. मला रडू आलं. खरं सांगते, तिखटाचं नव्हे. पलीकडं गौरी भिंतीला टेकून आपला मोडलेला हात सांभाळत आमच्याकडं बघत होती, आणि संदेश तिच्या हाताला लाटणं बांधत होता.

हळूहळू त्याचा श्वास ताळ्यावर आला. डोळे सुजून गोळे झाले होते, पण एक फटीएवढा उघडला. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"दिसतंय का रे?" मी विचारलं.

"दिसतंय."

"झालं ना आता? जा घरी."

तो हसला. ओठ फुटलेला, तरी हसला. "उद्या सकाळी येतो, वैनी. वीस जण घेऊन येतो. तू सहाला दार उघडशीलच. सडा घालायला."

आणि त्याचं खरं होतं. मी उघडलं असतं. संदेशनं अडसरावर कुलूप घातलं असतं तरी मी ते शोधून उघडलं असतं. उंबऱ्याला सडा नाही, रांगोळी नाही, अशी सकाळ माझ्या घराला मी कधी दाखवली नव्हती. दोन सांजा दार बंद ठेवलं, तिसरीला हात गेलाच ना? मी स्वतःला ओळखते. आणि तो मला माझ्यापेक्षा जास्त ओळखतो, मीच वाढवलंय त्याला. बाकीच्यांची मला भीती नव्हती. तो नसला तर ते येणार नव्हते, आणि आलेच तर कोणत्या घडीला यायचं ते त्यांना कळणार नव्हतं. ह्या घराच्या घड्या एकट्या ह्यालाच ठाऊक.

कोर्टाला अजून पंधरा-सोळा तास होते.

मी त्याचं डोकं हळूच मांडीवरून काढलं. जमिनीवर काचा होत्या, म्हणून आधी पदराची घडी करून खाली ठेवली. मग पदर खेचला जायला लागला म्हणून दोरीवरचं लुगडं ओढून त्याची उशी केली. "पड असाच," मी म्हणलं. "डोळे मीट." त्यानं मिटले. माझं ऐकलं.

पहार ज्वारीत पडली होती. उचलली. चांगली जड होती.

"आई," संदेश म्हणाला. "आई, नको."

मला वाईट वाटत होतं. हे लिहून घ्या कुठंतरी, मला फार वाईट वाटत होतं. मी पहार दोन्ही हातांनी डोक्याच्या वर नेली आणि त्याच्या उजव्या नडगीवर घातली. एकदा. मग पाय नीट मोडलाय की नाही कळेना, म्हणून पुन्हा एकदा.

ह्या वेळी तो 'वैनी' म्हणाला नाही. नुसता 'आई गं' म्हणून ओरडला आणि मग थरथरत राहिला. मी पहार टाकली, खाली बसले, डोकं परत मांडीवर घेतलं आणि त्याच्या कपाळाचा घाम पुसला.

"गप, गप," मी म्हणलं. "उद्या तुला कुठं जायचं नाही."

मग संदेशला म्हणलं, ॲम्ब्युलन्सला फोन लाव, दोघंजण आहेत म्हणावं.